महारवाडा आणि पाडा : दोन वाटांचा इतिहास





आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. तीत इतिहासावर काहीतरी लिहा, असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सांगितले. मी गिरणी कामगार. शाळेतले शिक्षण बेताचे. पण पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून आणि सभा-संमेलनांत ऐकून जे पदरी पडले, त्यावर आजवर चार शब्द बोलत आणि लिहीत आलो. त्याच बळावर हे लिहीत आहे.

विषय दूरचा घेतलेला नाही. आपल्या खोडाळ्याचा, मोखाडा-जव्हारचाच घेतला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मोखाडा आणि जव्हार या दोन्ही तालुक्यांत शंभरातले नव्वदाहून अधिक लोक आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी. आपली बौद्ध कुटुंबे त्यांच्यामध्ये मोजकी. बाजाराला एकत्र, एस.टी.त एकत्र, दवाखान्याच्या रांगेत एकत्र. तरीही आपल्या वस्तीत दोन वाक्ये नेहमी कानावर पडतात.

पहिले वाक्य : "सरकार आदिवासींना एवढं देतं, तरी ते मागंच. आपण बघा, कुठल्या कुठं पोचलो." दुसरे वाक्य : "इथं सगळ्या जागा त्यांनाच. आपल्या पोरांनी काय करायचं?"

पहिल्यात गर्व आहे, दुसऱ्यात राग आहे. गंमत अशी की एकाच ओट्यावर, एकाच माणसाच्या तोंडून ही दोन्ही वाक्ये येतात. ही वाक्ये खरी किती आणि खोटी किती, हे इतिहासाला विचारले पाहिजे. तथागतांनी सांगितलेच आहे की कारणाशिवाय काही घडत नाही. मग एक समाज शिकला आणि शेजारचा मागे राहिला, यालाही कारण असलेच पाहिजे.

आकडे काय सांगतात?

आधी आकडे बघू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के होती. अनुसूचित जातींची ७९.७ टक्के आणि बौद्धांची ८३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर शिकू दिले नाही, तो राज्याच्या सरासरीच्याही थोडा पुढे गेला. ही साधी गोष्ट नाही. त्याच जनगणनेत राज्यातल्या आदिवासींची साक्षरता ६५.७ टक्के. दहा वर्षे आधी, २००१ साली, ती ५५.२ टक्के होती. म्हणजे तेही पुढे येत आहेत, पण अंतर मोठे आहे.

शिक्षणाचे अंतर तसेच जगण्या-मरण्याचेही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभरावर आदिवासी बालके कुपोषणाने दगावली आणि जव्हारचे नाव देशभर झाले. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तरी २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा वर्तमानपत्रे भरली. चोवीस वर्षांत सरकारे किती आली आणि गेली, पण पाड्यावरच्या आईचे रडणे थांबले नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, बघा, आमचेच म्हणणे खरे. थांबा. आकडा अंतर दाखवतो, अंतराचे कारण दाखवत नाही. त्यासाठी मागे जावे लागते.

आपली वाट

आपल्या पूर्वजांचे हाल मी नव्याने सांगायला नको. गावकुसाबाहेरचे घर, मेलेले ढोर ओढणे, येसकराची भाकर, वतनाची वेठ. पण त्या नरकातही अशा काही गोष्टी होत्या, ज्यांचा पुढे बाबासाहेबांच्या चळवळीला उपयोग झाला. त्या आपण नीट ध्यानात घेतलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट. महाराष्ट्रात जिथे गाव तिथे महारवाडा. समाज विखुरलेला होता, पण गावोगाव होता आणि सगळ्यांची भाषा एक, मराठी. त्यामुळे एका सभेतला निरोप महिनाभरात शंभर गावांत पोचत असे.

दुसरी गोष्ट. वतनदार महार सरकारी कामाचा गुलाम होता, पण सरकार कुठे बसते हे त्याला ठाऊक होते. टपाल पोचवणे, सारा घेऊन तालुक्याला जाणे, गावच्या शिवेची साक्ष देणे ही कामे त्याची. कचेरीच्या पायरीवर का होईना, तो उभा राहिलेला होता. हेच वतन गुलामगिरीचे मूळ आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली.

तिसरी गोष्ट, पलटण. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण मिळे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, हे आपल्याला माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. तेव्हा पेन्शनीत निघालेल्या गोपाळबाबा वलंगकरांसारख्या माणसांनी अर्ज लिहिले. अर्ज लिहायला अक्षर लागते. ते अक्षर पलटणीने दिले होते.

चौथी गोष्ट, रेल्वे आणि गिरणी. थळ घाटातून रेल्वे १८६५ साली इगतपुरीला पोचली. रेल्वेच्या रुळांवर, गोदीत, गिरण्यांत आपली माणसं शिरली. गिरणीतही अस्पृश्यता होतीच. साळखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, पगार जास्त. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत. म्हणून आपल्या माणसांना साळखाता बंद. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगार एक आहे म्हणता, मग साळखाता आम्हाला का बंद?

साळखाता बंद होता, तरी गिरणीने जे दिले ते गावाने कधीच दिले नव्हते. मस्टरवर नाव. ठरलेल्या तारखेला रोख पगार. डोक्यावर चाळीतली खोली, मग ती दहा जणांत का असेना. शेजारी रात्रशाळा, संध्याकाळी सभा, रविवारी वाचनालय. बापाने गिरणीत राबायचे आणि पोराने महापालिकेच्या शाळेत जायचे, हे साधे गणित तिथे जमले. पोर शिकले की शिष्यवृत्ती. केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींना १९४४ पासून मिळू लागली. आदिवासी मुलांना ती १९४८ नंतर मिळाली. पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. ही आपल्या माणसाने आपल्यासाठी काढलेली विद्यालये.

आणि शेवटी १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या दीक्षेने माणसाच्या मनातला कमीपणा काढून टाकला. ढोर ओढणे बंद, येसकरकी बंद, देवऋषी आणि जत्रेचा खर्च बंद. हातात पैसा थोडा होता, पण तो वहीपुस्तकाकडे वळला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली राज्यात बौद्धांना सवलती मिळाल्या. केंद्रात त्या मिळायला १९९० उजाडले. म्हणजे मधली चौतीस वर्षे केंद्राच्या सवलती नसतानाही समाज शिकत राहिला.

पाड्याची वाट

आता पाड्याकडे वळू.

जव्हारला सहाशे वर्षे राज्य होते आणि ते आदिवासी राजाचे होते. महादेव कोळी समाजाचे मुकणे घराणे तिथे चौदाव्या शतकापासून गादीवर होते. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आपला राजा असताना प्रजा अशी कशी राहिली, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्यालाही उपयोगी आहे. आपला माणूस गादीवर बसला म्हणून रानातल्या वारल्या-कातकऱ्याचे पोट भरत नाही. गादी एका घराण्याची असते. समाज उठायला संघटना लागते.

मोखाडा इंग्रजी अंमलात ठाणे जिल्ह्यात होता. १८७८ च्या जंगल कायद्याने राने सरकारी राखीव झाली. ज्या डोंगरउतारावर राब भाजून नागली-वरी पिकवायची, तिथे राखणदार उभा राहिला. खैराच्या झाडापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा धंदा. जातीचे नावच त्यावरून पडले. तो धंदा बसला. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले वेचण्या-साठवण्यावरही बंधने आली. म्हणजे काल जे घरचे होते ते आज चोरीचे ठरले. आपल्या पूर्वजाला सरकार कचेरीच्या पायरीवर भेटले. आदिवासीला ते जंगलखात्याच्या शिपायाच्या रूपात भेटले. हा फरक लहान नाही.

जंगल गेले, मग सावकार आला. पावसाळ्यात घरातला दाणा संपतो. तेव्हा उचल घ्यायची आणि सुगीला सावकाराच्या मापाने आणि सावकाराच्या भावाने फेडायची. फेड होत नसे, जमीन मात्र जाई. काल जमिनीचा धनी होता तो आज त्याच जमिनीवर कूळ झाला. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. १९३८-३९ च्या सुमारास सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सरकारला जो अहवाल दिला, त्यात ही वेठ आणि हे छळ नोंदले आहेत. पुढे किसान सभेच्या गोदावरी परुळेकर डहाणू-उंबरगावच्या वारल्यांत गेल्या. १९४५ साली झरी गावच्या सभेपासून वेठीला नकार सुरू झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड हुतात्मा झाला. महाडला आपण १९२७ साली पाण्याला हात लावला. वारल्याने १९४५ साली वेठीचा जू मानेवरून फेकला. दोन्ही माणूसपणाच्याच लढाया.

तेव्हा आदिवासी लढले नाहीत, हे म्हणणे चूक आहे. ते लढले, रक्त सांडले. १९७० नंतर पालघर भागात काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेने गेलेल्या जमिनींसाठी लढा दिला. १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा आला. पण शाळा? ठाणे जिल्ह्यात बाळासाहेब खेर, आचार्य भिसे, ताराबाई मोडक, अनुताई वाघ अशा चांगल्या माणसांनी काम केले. परंतु बोर्डी-कोसबाडच्या किनारपट्टीपासून मोखाड्याच्या डोंगरापर्यंत वाट लांब होती.

शाळा आली तीही वेगळ्या बोलीची. वारली, कोकणा, कातकरी मूल घरी एक बोली बोलते आणि पुस्तकात दुसरीच मराठी. मास्तर बाहेरचा. त्याचे बोलणे मुलाला कळत नाही आणि मुलाचे त्याला. आपले मूलही बोलीतच बोलायचे, पण ते मराठीच्या ओट्यावरच वाढलेले. पहिलीतले ते एक वर्ष आदिवासी मुलाचे असेच वाया जाते, आणि ज्याची पहिली गेली त्याची दहावी येत नाही.

दोघेही शहराला गेले

माझ्या मते खरी गोम पुढेच आहे. मी गिरणीतला माणूस असल्यामुळे ती मला लवकर दिसली.

लोक म्हणतात, आपली माणसं मुंबईला गेली म्हणून सुधारली. पण मोखाड्याचा आदिवासीही मुंबई-ठाण्याला जातोच की! दिवाळी झाली, भात-नागली घरात आली, की पाडेच्या पाडे रिकामे होतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, इमारतींच्या कामांवर. आपल्याकडे त्याला 'जगायला जाणे' असेच म्हणतात. या शब्दातच सगळे आले. गावात राहून जगता येत नाही, म्हणून जगायला जायचे.

दोघेही गेले, पण कसे गेले ते बघा. आपला आजा गिरणीत गेला तो कायमचा. त्याचे नाव मस्टरवर चढले. आदिवासी जातो तो सहा-सात महिन्यांसाठी. त्याचे नाव ठेकेदाराच्या वहीत उचलीच्या रकमेपुढे चढते. आपल्या आज्याने काम केले, मग पगार घेतला. आदिवासी आधी उचल घेतो आणि मग ती फिटेपर्यंत काम करतो. आपला आजा एकटा गेला किंवा कुटुंब चाळीत ठेवून कामाला गेला. आदिवासी नवरा, बायको, पोरं, कोंबड्या घेऊन भट्टीवर जातो, कारण विटा थापायला जोडी लागते. आपल्या आज्याच्या खोलीशेजारी शाळा होती. भट्टीशेजारी शाळा नसते. आणि पोराचे नाव तर मोखाड्याच्या शाळेत. मग ते ना इथले ना तिथले. आपल्या आज्याला लाल बावटा होता, बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष होता, सभा होती, संप होता. भट्टीवरच्या माणसाला दर वर्षी भट्टी वेगळी आणि शेजारी वेगळा. संघटना कुणाशी करायची?

गिरण्याही पुढे गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. आपल्या हजारो घरांचे हाल झाले. पण तोवर पोरं शाळेत गेली होती. गिरणी गेली, अक्षर राहिले. वीटभट्टीने मात्र मागे काहीच ठेवले नाही.

तेव्हा हे अंतर रक्ताचे नाही, जातीच्या गुणाचेही नाही. हे अंतर वाटेचे आहे. आपल्याला मस्टर, चाळ, रात्रशाळा आणि आपला नेता अशी चार बोटे धरायला मिळाली. पाड्याला उचल, ठेकेदार, जंगलखाते आणि बाहेरचा मास्तर मिळाला. ही वाट त्यांच्या वाट्याला आली असती आणि ती आपल्या, तर आकडे उलटे झाले असते.

जिथे ते आपल्यापुढे

तुलना करायची तर दोन्ही बाजूंनी करावी. फक्त आपल्या पुढारलेपणाची केली तर ती तुलना राहत नाही.

पहिली गोष्ट बाईची. २०११ साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ९२९. आदिवासींमध्ये ९७७. शिकलेल्या, पैसेवाल्या जिल्ह्यांत पोटातली मुलगी मारली जात होती, तेव्हा पाड्यावर मुलगी जन्माला येत होती. वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. हुंड्याची रीत नाही, उलट मुलीकडच्यांना देज द्यायचे. आणि आपल्याकडे? नोकरीला लागलेल्या मुलाच्या बापाची मागणी काय असते ते आपण सगळे जाणतो. दीक्षा घेतलेल्या घरात हुंडा ही लाजेची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. आदिवासीकडे डोंगरातला का होईना, तुकडा आहे. तो आदिवासी नसलेल्या माणसाला सहजासहजी विकता येत नाही असा कायदा आहे. म्हणून तो टिकला आहे. आपला समाज बहुतेक भूमिहीनच. वतनाची जमीन होती, तीही पुष्कळांच्या हातून गेली. दादासाहेब गायकवाडांनी ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखांवर माणसे तुरुंगात गेली. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी एका जातीची नव्हती. त्या मागणीत पाडाही होता आणि महारवाडाही.

तिसरी गोष्ट कलेची. आपण जुने सोडले, त्याबरोबर काही गाणी-वाद्येही सुटली. वारल्याने भिंतीवरचे चित्र जपले. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि ते चित्र जगभर गेले.

जागांचा प्रश्न

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो. "सगळ्या जागा त्यांनाच." हा राग खोटा आहे असे मी म्हणणार नाही. मोखाडा, जव्हार हे घटनेच्या पाचव्या अनुसूचीतले क्षेत्र. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामपंचायतींचे सरपंचपद आदिवासींसाठी राखीव झाले. २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेने तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदे या क्षेत्रात स्थानिक आदिवासींमधून भरण्याचे ठरले. २०२० साली आंध्र प्रदेशातले शिक्षकांचे असेच शंभर टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवले. त्यानंतर आपल्याकडेही भरतीचे वाद कोर्टात गेले, पोरांची वर्षे गेली. यात आदिवासी पोरांचीही गेली आणि आपल्याही.

इथला भूमिहीन बौद्ध खरोखर अडचणीत आहे. इथे त्याला जमीन विकत मिळत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. आपल्याला तेवढ्याने भागत नाही, तीन पिढ्यांचा म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास शाबीत करावा लागतो. ज्याच्या आज्याला कागदच दिला नाही, त्याने कागद कुठून आणायचा? हा अन्याय आहे आणि तो मांडलाच पाहिजे.

पण तो मांडायचा कुणाविरुद्ध? जे पाड्यावर कुपोषित मूल आहे त्याच्याविरुद्ध? पाचवी अनुसूची घटना समितीत ५ सप्टेंबर १९४९ रोजी कोणी मांडली, ते आठवा. बाबासाहेबांनी. प्रतिनिधित्वाचे तत्त्व आपण बाबासाहेबांकडूनच शिकलो. ज्याचे दुःख, त्याचा माणूस कचेरीत बसला पाहिजे. पाड्यावरच्या मुलाला त्याच्या बोलीचा मास्तर मिळावा, हे आपल्याच तत्त्वाचे फळ आहे. आपल्याला हवे ते तत्त्व, दुसऱ्याला मिळाले की अन्याय, असे आंबेडकरी माणसाने म्हणू नये. आपला वाटा सरकारकडे मागावा. शेजाऱ्याच्या ताटातून मागू नये.

बाबासाहेबांनी या दोन समाजांना एकत्र बघितले होते. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे नावच अस्पृश्य वर्ग आणि आदिवासी जमाती यांच्या नावाने होते. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० साली अहवाल आला. १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या पुस्तकात त्यांनी हिंदू समाजाला विचारले, की तुमच्यामध्ये राहणाऱ्या आदिवासींना तुम्ही इतकी शतके तसेच का ठेवले? १९४५ सालच्या एका भाषणात मात्र त्यांनी, आदिवासींत राजकीय जाणीव अजून आलेली नाही, त्यांच्या भागासाठी कायद्याने वेगळा आयोग असावा, असे मत मांडले. त्यावर आजचे आदिवासी कार्यकर्ते टीका करतात. ती टीका आपण शांतपणे ऐकली पाहिजे. त्याच वर्षी तलवाड्याला वारली उभे राहिले होते. जाणीव नव्हती असे नव्हे, तिची बातमी शहरापर्यंत पोचत नव्हती.

पाणी दोघांचे गेले

शेवटी एक गोष्ट. वैतरणा आपल्या डोंगरांतून वाहते. तिच्यावर मोडकसागर झाले, अप्पर वैतरणा झाले आणि २०१२ साली मध्य वैतरणा धरण पुरे झाले. एकट्या मध्य वैतरणेतून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी जाते. म्हणजे साडेपंचेचाळीस कोटी लिटर. आणि मोखाड्यात उन्हाळा लागला की टँकरची वाट बघायची. हंडा घेऊन दरीत उतरणारी बाई वारली असो की बौद्ध, उतार तेवढाच आणि हंडा तेवढाच. मुंबईत नळ सोडताना कोणी विचारीत नाही की हे पाणी कुणाच्या डोंगरातले. चवदार तळ्याचे वारसदार आपण. या पाण्याचा प्रश्न आपण उचलायचा नाही तर कोणी?

काय करता येईल?

नुसता इतिहास सांगून थांबलो तर ते कीर्तन होईल. विहाराच्या मंडळापुढे चार साध्या गोष्टी ठेवतो.

एक. विहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालवावी आणि ती पाड्यावरच्या मुलांना उघडी ठेवावी. आपल्या आज्याला रात्रशाळा मिळाली, ती आता आपण द्यायची.

दोन. दिवाळीच्या आत, माणसे जगायला जाण्यापूर्वी, कार्यकर्त्यांनी पाड्यावर जाऊन मुलांची नावे घ्यावीत. शाळेच्या हंगामी वसतिगृहाची सोय होते का ते मास्तरांना विचारावे. आजीजवळ मूल ठेवून जाणाऱ्याला धीर द्यावा. एक मूल भट्टीवर जायचे वाचले तरी पुष्कळ.

तीन. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, वनहक्काचा दावा हे कागद लिहायला आपल्यातले शिकलेले बसतील तर दोन्ही वस्त्यांचे काम होईल. आपल्या तीन पिढ्यांच्या पुराव्यासाठी पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब लागतो. त्यांच्याशिवाय आपला आजा इथे राहत होता, हे कोण सांगणार?

चार. हुंडा घेणाऱ्याच्या लग्नाला विहार द्यायचा नाही. हे आपण पाड्याकडून शिकू.

आणि आपल्यातल्या पुढे गेलेल्यांना एक विनंती. ८३ टक्के हा आकडा सरासरीचा आहे. त्यात ठाणे, कल्याण, नाशिकचे नोकरदार आहेत आणि खोडाळ्यात मजुरीला जाणारी आपलीच विधवा बहीणही आहे. सरासरीने तिचे पोट भरत नाही. जे शहरात गेले त्यांनी वर्धापन दिनाला वर्गणी द्यावी, पण वर्षातून चार दिवस येऊन अभ्यासिकेत बसावेही.

बाबासाहेबांनी रथ इथवर आणला. तो पुढे नेताना शेजारचा पाडा मागे सोडून नेला, तर तो समतेचा रथ राहणार नाही.

सर्वांचे मंगल होवो.

जय भीम! नमो बुद्धाय!